दोन लेकरांची आई, चार सुवर्णपदकं : अडथळ्यांच्या शर्यतीची राणी फॅनी ब्लँकर्स-कून

4 ऑगस्ट 1948. लंडनचं वेम्बली स्टेडियम माणसांनी खच्चून भरलेलं. ऑलिम्पिकमधली महिलांची 80 मीटर अडथळ्यांची अंतिम शर्यत नुकतीच संपली होती. पण पहिल्या दोघी एकदमच फितीवर आल्या होत्या आणि जिंकलं कोण हे मैदानात कुणालाच कळेना. पंच फोटोची वाट बघत होते. धावलेल्या पोरी दम खात उभ्या होत्या. तेवढ्यात बँडवर ब्रिटनचं राष्ट्रगीत वाजायला लागलं.

नेदरलँड्सच्या फॅनी ब्लँकर्स-कूनला वाटलं, संपलं सगळं. तिच्यासोबत फितीवर आलेली मॉरीन गार्डनर ब्रिटनचीच होती. राष्ट्रगीत ब्रिटनचं म्हणजे जिंकली तीच, असा सरळ हिशेब. पण ते राष्ट्रगीत निकालासाठी नव्हतंच. राजघराण्यातली मंडळी स्टेडियममध्ये आली म्हणून ते वाजवलं होतं. थोड्या वेळानं खरा निकाल लागला. दोघींची वेळ सारखीच, 11.2 सेकंद. दोघींनीही ऑलिम्पिक विक्रम मोडलेला. पण फोटोत जरा पुढं दिसत होती ती फॅनी.

त्या दिवशी तिचं वय होतं 30 वर्षं. घरी दोन लेकरं होती. आणि स्पर्धा सुरू होण्याआधी ब्रिटनच्या संघाचे व्यवस्थापक जॅक क्रंप यांनी जाहीरपणे सांगून टाकलं होतं की, या बाईचं वय झालंय, हिच्याकडून आता काही व्हायचं नाही.

अडीच फुटांचे आठ अडथळे

फॅनी काय करत होती हे समजायला आधी ही शर्यत समजून घेतली पाहिजे. आपल्याकडे तालुका-जिल्हा पातळीवरच्या शालेय स्पर्धांत अडथळ्यांची शर्यत बऱ्याच जणांनी बघितली असेल. लांबून ती सोपी वाटते. पळायचं आणि मधे मधे उड्या मारायच्या. तसं नसतं.

त्या काळात महिलांसाठी अंतर होतं 80 मीटर आणि अडथळे आठ. पहिला अडथळा सुरुवातीच्या रेषेपासून 12 मीटरवर. पुढचे दर आठ मीटरला एक. शेवटचा ओलांडला की पुन्हा 12 मीटर सुसाट पळायचं. प्रत्येकाची उंची 76 सेंटिमीटर, म्हणजे अडीच फूट, साधारण शाळेतल्या टेबलाएवढी. दोन अडथळ्यांच्या मधे टाकायची फक्त तीन पावलं. चौथं पाऊल टाकावं लागलं तर लय गेली. तीन पावलं आखूड पडली तर पाय अडथळ्याला लागणार. अडथळा आडवा पडला म्हणून कुणी बाद होत नाही, पण वेग तिथंच मरतो आणि अकरा सेकंदांच्या शर्यतीत गेलेला वेग परत मिळवायला जागाच नसते.

म्हणून इथं नुसता वेग असून भागत नाही आणि नुसती उडी येऊनही भागत नाही. फॅनीकडे दोन्ही होतं. ती 100 मीटर धावायची, उंच उडी मारायची, लांब उडीही मारायची. आणि एकेका वेळी या सगळ्या प्रकारांत जागतिक विक्रम तिच्याच नावावर होते. (आज मोठ्या स्पर्धांत महिलांची ही शर्यत 100 मीटरची असते आणि अडथळे दहा असतात, तेही थोडे जास्त उंच. 1972 च्या ऑलिम्पिकपासून हे बदललं.)

पाच भावांची एकटी बहीण

फॅनीचा जन्म 26 एप्रिल 1918 चा. गाव लाहे व्हूर्स, नेदरलँड्समधल्या बार्न शहराजवळचं छोटंसं खेडं. नेदरलँड्स म्हणजे आपण ज्याला हॉलंड म्हणतो तो देश. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात वलंदेज येतात, वेंगुर्ल्यात ज्यांची वखार होती, ते याच देशाचे. तिचं पूर्ण नाव फ्रान्सिना, माहेरचं आडनाव कून. वडील स्वतः गोळाफेक आणि थाळीफेक करायचे. घरात पाच भाऊ आणि ही एकटी मुलगी. पोहणं, टेनिस, बर्फावरचं स्केटिंग, जिम्नॅस्टिक्स, सगळं करून बघितलं. सगळंच बऱ्यापैकी यायचं, हीच अडचण होती. नेमकं धरायचं काय?

निर्णय एका पोहण्याच्या प्रशिक्षकाच्या सल्ल्यानं झाला. त्यानं सरळ हिशेब मांडला. देशात चांगल्या पोहणाऱ्या मुली आधीच भरपूर आहेत, तिथं ऑलिम्पिकला जायचं तर रांग मोठी. धावण्यात मात्र जागा रिकामी आहे. फॅनी धावायला लागली. 1935 मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी तिनं पहिली स्पर्धा केली आणि तिसऱ्याच शर्यतीत 800 मीटरचा राष्ट्रीय विक्रम मोडला.

पण त्या 800 मीटरचा उपयोग नव्हता. 1928 च्या ॲमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये महिलांना पहिल्यांदाच मैदानी खेळांत घेतलं होतं. तिथं 800 मीटर धावून मुली दमल्या, एवढ्याच कारणावरून ती शर्यत बायकांना झेपत नाही असं ठरवून काढून टाकली. ती पुन्हा सुरू व्हायला 1960 उजाडलं. पुरुषही शर्यतीनंतर मैदानावर आडवे होतात, ते कुणाला खुपलं नाही.

हा मुद्दा तिच्या ध्यानात आणून दिला यान ब्लँकर्सनं. हा माणूस तिच्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठा, तिहेरी उडीतला खेळाडू. 1928 च्या त्याच ॲमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये तो स्वतः उतरला होता. (भारताला हॉकीचं पहिलं सुवर्णपदक मिळालं तेही तिथंच, अंतिम सामन्यात यजमान नेदरलँड्सला 3-0 नं हरवून.) पुढं यान क्रीडा पत्रकार झाला आणि प्रशिक्षकही. गंमत अशी की बायकांनी स्पर्धेत उतरावं हे आधी त्यालाच पटत नव्हतं. फॅनीला धावताना बघितलं आणि त्याचं मत बदललं. कमी अंतराच्या शर्यती आणि उड्या यांवर भर दे, असं त्यानं तिला सांगितलं.

1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकला ती गेली तेव्हा अठरा वर्षांची होती. उंच उडीत सहाव्या क्रमांकावर बरोबरी, 4 बाय 100 मीटर रिलेत संघ पाचवा. पदक नाही. पण बर्लिनहून तिनं एक गोष्ट आणली, जेसी ओवेन्सची सही. अमेरिकेच्या या कृष्णवर्णीय धावपटूनं हिटलरच्या डोळ्यांदेखत चार सुवर्णपदकं जिंकली होती. फॅनीनं ती सही जन्मभर जपून ठेवली. बारा वर्षांनी आपलीही गणती त्याच्याशेजारी होणार आहे हे तेव्हा तिच्या स्वप्नातही नसेल.

ऐन उमेदीची बारा वर्षं

1938 मध्ये तिनं 100 यार्डात पहिला जागतिक विक्रम केला आणि व्हिएन्नातल्या युरोपियन स्पर्धेत दोन कांस्यपदकं मिळवली. आता सगळी तयारी 1940 च्या ऑलिम्पिकची. ती स्पर्धा झालीच नाही. मे 1940 मध्ये जर्मन फौजा नेदरलँड्समध्ये घुसल्या आणि पाच दिवसांत देश पडला. त्याच वर्षी 29 ऑगस्टला फॅनी आणि यानचं लग्न झालं. ती झाली फॅनी ब्लँकर्स-कून.

मुलगा झाला, त्याचंही नाव यान. डच वर्तमानपत्रांनी गृहीतच धरलं की आता हिचं धावणं संपलं. त्या काळी लग्न झालेल्या खेळाडू बायका थोड्या आणि आई झाल्यावर परत मैदानावर येणाऱ्या तर जवळपास नाहीतच. फॅनी मात्र बाळंतपणानंतर काही आठवड्यांतच सरावाला लागली. बाळ सोबत मैदानावर न्यायचं. तिचा सराव चालायचा आणि पोर तिथंच खेळायचं.

बाहेर परक्याची सत्ता. परदेशी स्पर्धा बंद. तरीही देशातल्या देशात तिनं केलेले विक्रम बघा. सप्टेंबर 1942 मध्ये 80 मीटर अडथळे 11.3 सेकंदांत. मे 1943 मध्ये उंच उडी 1.71 मीटर, आधीच्या विक्रमापेक्षा तब्बल पाच सेंटिमीटर जास्त. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लांब उडी 6.25 मीटर. हा लांब उडीचा विक्रम पुढची दहा वर्षांहून जास्त काळ कुणाला मोडता आला नाही. तो जगानं बघितला नाही, ही वेगळी गोष्ट. ऑलिम्पिकच नव्हतं तर पदक द्यायचं कुणी?

मग 1944-45 चा हिवाळा आला. ॲमस्टरडॅम आणि आसपासच्या भागाची जर्मनांनी रसद तोडली. थंडी कडाक्याची, कोळसा नाही, भाकरी नाही. लोकांनी ट्यूलिपच्या फुलांचे कांदे उकडून खाल्ले. वीस हजारांवर माणसं त्या भुकेत गेली. डच लोक अजूनही त्याला भुकेचा हिवाळा म्हणतात. ब्लँकर्स कुटुंब त्यातच दिवस काढत होतं. त्या काळात विक्रमांचा विषयच नव्हता.

1944 चं ऑलिम्पिकही युद्धात गेलं. खेळाडूच्या आयुष्यात बावीस ते सव्वीस हे वय म्हणजे ऐन बहराचं. नेमकी त्याच वयात येणारी दोन ऑलिम्पिक तिच्या हातून गेली. तिच्या पदकांचा हिशेब करताना लोक 1948 ची चार मोजतात. 1940 आणि 1944 ची किती झाली असती, हा प्रश्न मात्र कायमचा राहिला.

युद्ध संपलं. दुसरी मुलगी झाली, तिचं नावही फॅनी. 1946 च्या ऑगस्टमध्ये ओस्लोत युरोपियन स्पर्धा भरली तेव्हा मुलगी जेमतेम काही महिन्यांची होती. 100 मीटरच्या उपांत्य फेरीत फॅनी पडली. उंच उडीत चौथी आली. पण अडथळ्यांच्या शर्यतीत सुवर्ण आणि रिलेतही सुवर्ण. म्हणजे बाळंतपणानंतर शरीर पूर्ण परतलं नव्हतं तेव्हाही तिची अडथळ्यांची तीन पावलं चुकली नव्हती.

लंडन

1948 चं ऑलिम्पिक हे युद्धानंतरचं पहिलं. लंडन बॉम्बनी उद्ध्वस्त झालेलं, अन्न रेशनवर. स्वतंत्र भारताचाही हा पहिलाच ऑलिम्पिक. आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव याच स्पर्धेत पहिल्यांदा उतरले आणि सहावे आले. हेलसिंकीचं कांस्य त्यानंतर चार वर्षांनी.

फॅनी लंडनला गेली तेव्हा उंच उडी आणि लांब उडी धरून सहा जागतिक विक्रम आधीच तिच्या नावावर होते. जूनमध्ये तिनं 100 मीटरच्या जागतिक विक्रमाशी बरोबरी केली, 11.5 सेकंद. आठवड्याभरात 80 मीटर अडथळ्यांचा विक्रम 11.0 वर आणला. एवढं असून लोकांचं एकच, वय झालं. घरी पत्रं यायची. लहान पोरं घरी टाकून तोकड्या चड्डीत धावायला काही वाटत नाही का, अशा अर्थाची. पत्र लिहिणाऱ्यांत बायकाही होत्या की नाही कोण जाणे, पण अशी पत्रं कुठल्याही गावात लिहिली गेली असती हे मात्र खरं.

यानला या गोष्टीचा उपयोग करता येत होता. शर्यतीआधी तो मुद्दाम तिला म्हातारी म्हणून डिवचायचा. राग आला की ती जास्त जोरात धावते हे त्याला माहीत होतं. नवरा आणि प्रशिक्षक एकच असला की घरात काय होत असेल याची कल्पना आपण करू शकतो.

नियमानं महिलेला तीनच वैयक्तिक प्रकारांत भाग घेता यायचा, शिवाय रिले. फॅनीनं 100 मीटर, 200 मीटर आणि अडथळे निवडले. उंच उडी आणि लांब उडी सोडल्या. लांब उडी लंडनमध्ये हंगेरीच्या ओल्गा ज्यार्मातीनं 5.69 मीटरवर जिंकली. फॅनीचा विक्रम होता 6.25. उंच उडीचं सुवर्ण अमेरिकेच्या ॲलिस कोचमननं 1.68 मीटरवर घेतलं. फॅनीचा विक्रम 1.71. म्हणजे नियम आडवा नसता तर काय झालं असतं, हे सांगायची गरज नाही.

2 ऑगस्टला 100 मीटरची अंतिम शर्यत. पावसानं ट्रॅकचा चिखल झालेला. फॅनी 11.9 सेकंदांत पहिली. मैदानी खेळांत ऑलिम्पिक सुवर्ण मिळवणारी ती पहिली डच खेळाडू ठरली. पुरुषांतही तोवर कुणाला जमलं नव्हतं.

दोनच दिवसांनी अडथळे. विक्रम तिचा असला तरी हीच शर्यत सगळ्यात अवघड जाणार होती, कारण मॉरीन गार्डनर. वय फक्त 19, नृत्य शिकवणारी, पायात कमालीची लय आणि पाठीशी घरचं सगळं स्टेडियम. बंदूक वाजली आणि फॅनीची सुरुवातच फसली. गार्डनर पुढं निघून गेली. फॅनीनं एकेका अडथळ्याला अंतर कमी करत आणलं. पाचव्यापाशी ती इतकी जोरात आली की अंदाज चुकला आणि पाय अडथळ्याला लागला. तोल गेला. पुढच्या तीन अडथळ्यांवरची तिची शैली बघण्यासारखी नव्हती, कशीबशी ओढत, अंग झोकून देत तिनं फीत गाठली. ऑस्ट्रेलियाची शर्ली स्ट्रिकलँडही मागोमाग आली. मग ते राष्ट्रगीत आणि ती थांबलेली मिनिटं.

दुसरं सुवर्ण मिळालं आणि तिचा धीर सुटला. लोकांना हे खरं वाटत नाही, पण झालं असंच. 200 मीटरच्या उपांत्य फेरीआधी ती रडायला लागली. लेकरांची आठवण येत होती, अंग गळून गेलं होतं, सगळ्या जगाच्या नजरा अंगावर. तिनं यानला सांगितलं, नाव काढून घे, घरी जायचंय. यान तिच्याजवळ बसला, समजावलं, पण जबरदस्ती केली नाही. धावायचं की नाही हे तिच्यावर सोडलं. मनसोक्त रडून झाल्यावर ती उठली आणि धावायला गेली.

6 ऑगस्टला चिखलातच अंतिम शर्यत झाली. महिलांची 200 मीटर ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदाच होत होती. फॅनीची वेळ 24.4 सेकंद. दुसरी आलेली ऑड्री विल्यमसन तब्बल 0.7 सेकंद मागं. धावण्याच्या हिशेबात हे अंतर म्हणजे पाच-सहा मीटर, ढळढळीत दिसणारं. परत जाऊ म्हणून रडणारी बाई आणि ही बाई एकच, यावर विश्वास बसू नये इतकं.

राहिली रिले. 7 ऑगस्टला फॅनी रेनकोट घ्यायला बाजारात गेली आणि शर्यतीला पोचायला उशीर झाला. बाकीच्या तिघी, झेनिया स्टाड-डी याँग, नेट्टी विट्झियर्स-टिमर आणि गेर्डा फान डेर काडे-कौडाइस, वाट बघून हैराण. शेवटी धावत-पळत ती हजर झाली. चौथी म्हणजे शेवटची धावक तीच. बॅटन हातात आलं तेव्हा संघ तिसरा होता. ऑस्ट्रेलियाची जॉयस किंग बरीच पुढं. फॅनीनं फितीच्या अगदी तोंडाशी तिला गाठलं. वेळ 47.5 सेकंद, फरक एक दशांश सेकंदाचा.

आठ दिवसांत अकरा शर्यती, चार सुवर्णपदकं. 1936 मध्ये ओवेन्सनं मिळवलेली तेवढीच. त्या ऑलिम्पिकमध्ये महिलांसाठी मैदानी प्रकारच होते नऊ, त्यातले चार एकटीच्या वाट्याला.

उडती गृहिणी म्हणे

वर्तमानपत्रांनी तिला नाव दिलं उडती गृहिणी. ते जगभर चिकटलं आणि अजूनही तिच्या नावाआधी तेच येतं. कौतुकानंच दिलं असेल, पण त्यात एक खोच आहे. चार सुवर्णं जिंकलेल्या पुरुषाला कुणी उडता बाप म्हटलं नसतं. आणि या नावामुळं असं चित्र तयार झालं की घरची धुणीभांडी आवरून एक साधी बाई सहज मैदानात गेली आणि पदकं घेऊन आली. फॅनी साधी होती, पण हे सहज नव्हतं. तेरा वर्षांचा सराव होता, युद्धात आणि उपासमारीतही हातातून न सुटलेला. आणि हरणं अजिबात न खपणारा स्वभाव होता.

ॲमस्टरडॅममध्ये तिची मिरवणूक निघाली. चार घोड्यांची बग्गी, दोन्ही बाजूंना लोकांची तोबा गर्दी. एवढं सगळं नुसतं धावल्याबद्दल, याचंच तिला नवल वाटत होतं. सरकारनं किताब दिला. पैसा मात्र नाही, कारण तेव्हा ऑलिम्पिक खेळाडूनं पैसे घेतले की तो बाद. एक सायकल भेट मिळाली, आता तरी जरा निवांत जा म्हणून.

ती निवांत गेली नाही. 1949 मध्ये ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेचा दौरा केला. 1950 मध्ये ब्रसेल्सच्या युरोपियन स्पर्धेत 100 मीटर, 200 मीटर आणि अडथळे, तिन्हीत सुवर्ण. 1951 मध्ये पाच प्रकारांच्या पेंटॅथलॉनचा जागतिक विक्रम. तेहतीस वर्षांची होती तेव्हा.

मग आलं 1952 चं हेलसिंकी. आपल्या खाशाबांनी कांस्य जिंकलं ते ऑलिम्पिक. फॅनी 34 वर्षांची, तयारीही चांगली झाली होती. पण ऐन स्पर्धेत अंगावर गळू झालं, औषधं चालू झाली, अशक्तपणा आला. 100 मीटर अर्ध्यावर सोडली, सगळी ताकद अडथळ्यांसाठी राखली. तिथं अंतिम फेरी गाठली. बंदूक वाजली. पहिल्या अडथळ्याला पाय लागला. दुसऱ्यालाही लागला. तिसऱ्याकडे जाण्याऐवजी ती थांबली. चार वर्षांपूर्वी पाचव्या अडथळ्याला ठेचकाळूनही जिने फीत सोडली नव्हती, ती इथं उभी राहून बाकीच्यांना जाताना बघत राहिली. शर्ली स्ट्रिकलँड, लंडनमध्ये तिसरी आलेली, 10.9 सेकंदांचा जागतिक विक्रम करून जिंकली. फॅनीची ती शेवटची मोठी शर्यत.

देशातल्या स्पर्धांत मात्र ती 1955 पर्यंत खेळत राहिली. शेवटचं राष्ट्रीय विजेतेपद मिळालं ते गोळाफेकीत, वडिलांच्या खेळात. ते तिचं अठ्ठावन्नावं. एक वर्ष आधी रॉटरडॅममध्ये तिचा पुतळा उभा राहिला होता. धावत्या बाईचा पुतळा, आणि ज्या बाईचा तो, ती अजून मैदानात उतरत होती.

पुढं 1958 ते 1968 या काळात ती डच ॲथलेटिक्स संघाची प्रमुख होती. 1972 च्या म्युनिक ऑलिम्पिकला जेसी ओवेन्स भेटला. तिनं ओळख करून देत सांगितलं की, 36 वर्षांपूर्वी घेतलेली तुमची सही अजून माझ्याकडे आहे. ओवेन्सनं तिला नाव सांगूच दिलं नाही. तिच्याबद्दल त्याला सगळं माहीत होतं.

घरातली बाजू थोडी वेगळी आहे आणि ती न सांगता पुढं जाणं बरोबर नाही. 2003 मध्ये तिचं चरित्र डच भाषेत आलं. त्यात दिसणारी फॅनी ही फोटोतल्या हसऱ्या आईसारखी नाही. कौतुकाची भूक असलेली, आतून घाबरट, पोरांना जवळ घेणं न जमणारी बाई त्यात आहे. ज्या मुलांना टाकून धावते म्हणून लोकांनी तिला नावं ठेवली, त्या मुलांच्या वाट्याला ती थोडीच आली, हे त्यांनाही बोचत होतं. वडील दौऱ्यावर असले की पोरांना तसं वाटतं, त्याची मात्र पुस्तकं निघत नाहीत.

यान 1977 मध्ये गेला. जो माणूस नवराही होता आणि शिट्टी घेऊन उभा राहणाराही, तो नसल्यावर ती लहानपणी राहिलेल्या हूफडॉर्पला परत गेली.

1999 मध्ये मोनाकोत जागतिक ॲथलेटिक्स महासंघानं शतकातले सर्वोत्तम खेळाडू जाहीर केले. पुरुषांत कार्ल लुईस. महिलांत फॅनी ब्लँकर्स-कून. एक्क्याऐंशी वर्षांच्या फॅनीला आपलं नाव ऐकून खरंच वाटेना. हे माझ्याबद्दल बोलताहेत का, असं तिनं तिथं विचारलं.

नंतर स्मरणशक्ती जात राहिली, कानही गेले. 25 जानेवारी 2004 रोजी हूफडॉर्पमध्ये वयाच्या 85 व्या वर्षी ती गेली. नेदरलँड्समधल्या हेंगेलो शहरातलं स्टेडियम तिच्या नावाचं आहे आणि तिथं तिच्याच नावानं आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरते. जगभरातले धावपटू तिथं येतात.